वायरलेस प्रेझेंटेशन रिमोटची बटणे ड्रायव्हरमधून बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्याख्यानांसाठी वापरायचा एक वायरलेस रिमोट आहे, त्याचा छोटा रिसीव्हर यूएसबी पोर्टमध्ये बसतो आणि संगणकावर लिनक्स आहे. पुढचे आणि मागचे पान उलटणारी दोन बटणे नीट चालतात. ‘सादरीकरण सुरू’ या बटणाने मात्र स्पेसबारचे काम करावे, म्हणजे व्हिडिओ थांबवता आणि चालू करता येईल. काळ्या पडद्याच्या बटणाने पूर्णविरामाऐवजी ‘बी’ ही की पाठवावी, कारण वापरातला पीडीएफ वाचक तेवढीच ओळखतो. आणि तेच बटण दाबून धरले तर समोरची विंडो बदलावी, अशी अपेक्षा आहे. एक्समोडमॅपने, म्हणजे कींचे अर्थ बदलणाऱ्या एका आज्ञेने, हे करून पाहिले तेव्हा लॅपटॉपच्या कीबोर्डवरची एफ५ आणि पूर्णविरामही बदलले. म्हणून हे ड्रायव्हरच्या कोडमधून कसे करावे, असे विचारले आहे.

या तीन कामांपैकी पहिल्या दोहोंसाठी कोडची एकही ओळ लिहावी लागत नाही. तिसऱ्यासाठी कोड लागतो, पण तो लिहून उपयोग होईल की नाही हे तुमचा रिमोट ठरवतो, तुम्ही नव्हे. त्यामुळे संपादक उघडण्यापूर्वी रिमोट संगणकाला नेमके काय सांगतो हे पाहणे भाग आहे. हे न पाहता लिहिलेले आणि मग दोन-दोन दिवस तपासत बसलेले ड्रायव्हर मी बरेच पाहिले आहेत. त्यांतले पहिले दोन माझेच होते.

संगणकाच्या दृष्टीने या रिमोटला ‘रिमोट’ म्हणून अस्तित्वच नसते. रिसीव्हर स्वतःची ओळख एक साधा एचआयडी (कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांचे प्रमाणित स्वरूप) कीबोर्ड अशी करून देतो. बहुतेक वेळा त्याच्या जोडीला एक माउस किंवा आवाजाच्या बटणांसाठीचा आणखी एक इंटरफेसही असतो. कीबोर्डचा परिचित रिपोर्ट आठ बाइटचा असतो: पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल, आल्ट यांची स्थिती, दुसरा राखीव, आणि उरलेल्या सहा बाइटमध्ये त्या क्षणी दाबलेल्या कींचे क्रमांक. हे क्रमांक एचआयडीच्या कोष्टकातले असतात, त्यांना ‘यूसेज’ म्हणतात. हे कोष्टक पानांत विभागलेले असते; कीबोर्डचे पान हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकलेखनात, ०७. त्यात पेज अप ४बी, पेज डाऊन ४ई, एफ५ ३ई, एस्केप २९ आणि पूर्णविराम ३७. आवाज आणि गाण्यांची बटणे ०सी या वेगळ्या पानावर असतात. ‘पुढे’ लिहिलेले बटण दाबले की रिसीव्हर ४ई पाठवतो, इतकेच. बटणावर कोणते चित्र छापले आहे, ते अंगठ्याखाली आहे की तर्जनीखाली, यातले काहीही खाली पोहोचत नाही. कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या यूसेजचे आपल्या की-कोडमध्ये भाषांतर करते, पेज डाऊनचा १०९, एफ५चा ६३, आणि त्यानंतर वरच्या थरांत कीबोर्ड लेआउट, डेस्कटॉप आणि शेवटी तुमचा प्रोग्रॅम येतो. एक्समोडमॅप या साखळीत फार वर बसतो, तिथवर येताना सगळे कीबोर्ड एकाच प्रवाहात मिसळलेले असतात. लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला तो त्यामुळे. एकाच उपकरणापुरता बदल हवा असेल तर प्रवाह एकत्र होण्याआधी हात घालावा लागतो, आणि ती जागा कर्नेलच्या इनपुट थरात किंवा त्याला लागून आहे.

आता पाहणी. ईव्हीटेस्ट हा प्रोग्रॅम रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने चालवा, यादीतून रिसीव्हर निवडा आणि ‘सुरू’ बटण एकदा दाबा. साधारण असे दिसेल: पहिली घटना प्रकार ४, कोड ४, मूल्य ७००३ई, तिच्या पाठोपाठ प्रकार १, कोड ६३, मूल्य १, मग समक्रमणाची, म्हणजे घटनांचा एक गट पूर्ण झाल्याची, ओळ. बटण सोडल्यावर पुन्हा तेच, फक्त मूल्य ०. दाबून धरले तर मध्ये मूल्य २च्या ओळी येतात, त्या कर्नेलने स्वतः घातलेल्या पुनरावृत्तीच्या आहेत, रिमोटने पाठवलेल्या नाहीत. पहिल्या ओळीतला ७००३ई हा स्कॅनकोड आपल्या कामाचा आहे: सुरुवातीचा ७ म्हणजे पान, शेवटचे ३ई म्हणजे यूसेज. प्रत्येक बटण दोनदा दाबून पाहा, एकदा झटकन आणि एकदा दोन सेकंद धरून, आणि चार गोष्टी कागदावर उतरवा. स्कॅनकोड कोणता आला. दुसऱ्यांदा दाबल्यावर तोच आला की वेगळा. सोबत ७००ई१, म्हणजे डावी शिफ्ट, आली का. आणि सुटल्याची घटना तुम्ही बोट उचलल्यावर आली, की दाबल्याबरोबर लगेचच येऊन गेली.

शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण घेत नाहीत. काही रिमोट वीज वाचवण्यासाठी किंवा निव्वळ सोपे पडते म्हणून ‘दाबले’ आणि ‘सोडले’ हे दोन्ही संदेश लागोपाठ पाठवून मोकळे होतात. त्यानंतर बोट बटणावर किती वेळ होते याची माहिती हवेतून येतच नाही. अशा रिमोटवर दीर्घ दाब ओळखणारा कोड कितीही नीट लिहिला तरी तो चालणार नाही. उलट काही रिमोट दीर्घ दाब स्वतः ओळखून त्यासाठी वेगळाच यूसेज पाठवतात; तसे असेल तर तुमचे काम आयतेच सोपे झाले, कारण तो दीर्घ दाब संगणकाला एक निराळी की म्हणूनच दिसतो.

‘सुरू’ बटणाबद्दल दुसऱ्या नोंदीकडे पाहा. या प्रकारच्या रिमोटमध्ये ते बटण बहुधा आळीपाळीने बोलते: पहिल्यांदा एफ५, पुढच्या वेळी एस्केप, मग पुन्हा एफ५. सादरीकरण चालू आहे की बंद, याचा हिशेब रिमोट स्वतःच्या पोटात ठेवतो आणि संगणकाकडून त्याला काहीच परत कळत नसल्याने तो हिशेब अनेकदा चुकतो. सादरीकरण कीबोर्डवरून बंद केले की रिमोटला ते कळत नाही आणि पुढचा दाब वाया जातो. फक्त एफ५चे रूपांतर स्पेसमध्ये केले तर व्हिडिओ एका दाबाला थांबेल आणि दुसऱ्या दाबाला व्हिडिओ प्लेअरची पूर्णपडदा स्थिती जाईल, कारण तेव्हा एस्केप आलेली असेल. यावर लोक ड्रायव्हरमध्ये स्थिती साठवणारे चल आणतात, मग रिमोटची स्थिती आणि त्या चलाची स्थिती यांचा मेळ बसवत राहतात. त्याची गरज नाही. ७००३ई आणि ७००२९ या दोन्ही स्कॅनकोडना एकच की-कोड द्या, स्पेसचा. रिमोट मनात काहीही समजत असो, बाहेर पडते ती एकच की. किंमत एवढीच की रिमोटवरून एस्केप उरत नाही. तुम्हाला ती हवी असल्याचे प्रश्नात दिसत नाही.

हे दोन बदल आणि पूर्णविरामाच्या ७००३७ला बी देण्याचा तिसरा बदल यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची मांडणी करणाऱ्या सेवेच्या, हार्डवेअर डेटाबेसमध्ये तीन ओळींत होतो. ‘ईटीसी’ खालच्या यूडेव्ह निर्देशिकेतील एचडब्ल्यूडीबी-डी मध्ये एक फाइल करा. नावाच्या सुरुवातीला ६०पेक्षा मोठा क्रमांक ठेवा, कारण प्रणालीसोबत आलेली कीबोर्डची फाइल ६०ची आहे आणि नंतर वाचलेली ओळ आधीच्या ओळीवर मात करते. पहिल्या ओळीत उपकरणाची ओळख: बस, विक्रेता आणि उत्पादन यांचे प्रत्येकी चार हेक्स अंक, यूएसबीसाठी बस ०००३, ब्लूटूथसाठी ०००५. त्याखाली प्रत्येक बदलाची एक ओळ, जिच्यात ‘कीबोर्ड-की’ या शब्दांना जोडून स्कॅनकोड आणि बरोबरच्या चिन्हानंतर नव्या कीचे नाव लहान अक्षरांत येते. येथे दोन बारीक अटी आहेत ज्या पाळल्या नाहीत तर काहीच घडत नाही. ओळखीच्या ओळीतली हेक्स अक्षरे कॅपिटल हवीत, तर स्कॅनकोडमधली लहान. आणि बदलाच्या प्रत्येक ओळीची सुरुवात एका मोकळ्या जागेने व्हायला हवी. फाइल जतन केल्यावर सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबीला अपडेटची आज्ञा द्या, रिसीव्हर काढून पुन्हा बसवा आणि ईव्हीटेस्ट पुन्हा चालवा. स्कॅनकोड पूर्वीचाच दिसेल, त्याच्या खालचा की-कोड बदललेला असेल: ६३च्या जागी ५७, ५२च्या जागी ४८.

बी बद्दल एक सूचना मराठी टंकणाऱ्यांसाठी. कर्नेलचा ४८ हा की-कोड म्हणजे ‘बी’ हे अक्षर नव्हे, बी छापलेल्या कीची जागा आहे. इनस्क्रिप्ट लेआउट चालू ठेवून सादरीकरण सुरू केले तर त्या जागेतून ‘व’ निघतो, आणि ‘व’ आल्यावर पडदा काळा करायचा असतो हे बहुतेक प्रोग्रॅमना ठाऊक नसते. रिमोट बनवणाऱ्यांनी पान उलटण्यासाठी पेज अप आणि पेज डाऊन निवडल्या त्याचा हा एक फायदा आहे. लेआउट कोणताही असला तरी त्या बदलत नाहीत. तेव्हा व्याख्यानाआधी इंग्रजी लेआउटवर या, किंवा पीडीएफ वाचकाच्या सेटिंगमध्ये काळ्या पडद्यासाठी एखादी फंक्शन की देता येत असेल तर ती द्या आणि रिमोटकडूनही तीच पाठवा. एक्सवर, म्हणजे लिनक्सच्या जुन्या विंडो-प्रणालीवर, काम करत असाल तर आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या: एक्स हा कर्नेलच्या की-कोडमध्ये ८ मिळवतो आणि २५५च्या पुढे मोजत नाही, त्यामुळे २४७पेक्षा मोठा की-कोड निवडला तर ईव्हीटेस्टमध्ये सगळे ठीक दिसेल आणि प्रोग्रॅमपर्यंत काहीच पोहोचणार नाही. सादरीकरणासाठी कर्नेलमध्ये खास ४२५ क्रमांकाची की आहे, नाव वाचून ती निवडण्याचा मोह होतो, आणि एक्सवर ती नेमकी या भिंतीवर आपटते.

हार्डवेअर डेटाबेसची ताकद येथे संपते. एका स्कॅनकोडला एक की-कोड, एवढेच त्याला येते. एका बटणातून आल्ट आणि टॅब अशी जोडी काढणे, वेळ मोजणे, सोबत आलेली शिफ्ट गिळणे, हे त्याच्या आवाक्याबाहेर आहे. तुमचे तिसरे काम तिथे पडते, आणि तुमच्या नोंदींप्रमाणे सुटण्याची घटना खरोखर बोट उचलल्यावर येत असेल तर पुढचे वाचावे.

एका माणसाच्या एका संगणकासाठी मी स्वतः कर्नेल मॉड्यूल, म्हणजे कर्नेलमध्ये चढवायचा ड्रायव्हर, लिहीत नाही. ईव्हीडेव्हचे, म्हणजे कर्नेल ज्यातून घटना प्रोग्रॅमना देते त्या मार्गाचे, उपकरण ‘ग्रॅब’ करून म्हणजे त्याच्या घटना फक्त आपल्याला मिळतील असे करून, त्या वाचणारा आणि यूइनपुटमधून एक नवा आभासी कीबोर्ड उभा करून त्यातून हव्या त्या की पाठवणारा छोटा प्रोग्रॅम पुरतो. पायथनमध्ये तो शंभर ओळींच्या आत बसतो. कीडी किंवा इनपुट-रिमॅपर यांसारखी तयार साधने घेतली तर तेवढेही लिहावे लागत नाही, आणि कीडीमध्ये ठराविक विक्रेता-उत्पादन क्रमांकापुरतीच मांडणी लागू करता येते. प्रोग्रॅम कोसळला तरी फाइल बंद होताच ग्रॅब सुटतो आणि रिमोट मूळ स्वभावावर येतो. कर्नेलमध्ये केलेली चूक मात्र व्याख्यानाच्या मध्यावर सगळा संगणक थांबवू शकते. ब्लूटूथचा रिमोट असेल तर एक काळजी घ्या: तो झोपला की जोडणी तुटते, इनपुट उपकरण नाहीसे होते आणि जागा झाल्यावर नव्याने तयार होते, त्यामुळे प्रोग्रॅमने त्याचा पुन्हा शोध घेतला पाहिजे. यूएसबी रिसीव्हरच्या बाबतीत रिमोट झोपला तरी रिसीव्हर जागाच असतो, म्हणून ही अडचण येत नाही.

तरीही ड्रायव्हर लिहिण्यास एक सबळ कारण आहे आणि ते फेरजुळणीचे नाही, सुरक्षेचे आहे. हा रिसीव्हर पूर्ण कीबोर्ड असल्याचे सांगतो, तर रिमोटवर बटणे असतात चार. बॅस्टिल या संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली ‘माउसजॅक’ या नावाने दाखवून दिले की २.४ गिगाहर्ट्झवरच्या अनेक वायरलेस माउस-कीबोर्डांच्या रिसीव्हरना दुरून खोट्या की पाठवता येतात. सभागृहात संगणक तासभर उघडा असतो, अशा वेळी रिसीव्हरकडून येणाऱ्या चार-पाच यूसेज सोडून बाकी सगळे ड्रायव्हरने फेकून दिले तर हल्लेखोराच्या हाती फार तर स्लाइड उलटणे उरते. मी ड्रायव्हर लिहितो तेव्हा त्याची मूळ रचना हीच असते: आधी सगळे बंद, मग लागेल तेवढे उघड.

अशा ड्रायव्हरचा सांगाडा लहान असतो. एचआयडी-ड्रायव्हर ही संरचना भरायची, तिच्यात ओळखीचे कोष्टक द्यायचे आणि तीन-चार फंक्शने जोडायची. ओळखीच्या कोष्टकात विक्रेता आणि उत्पादन क्रमांक जातो, पण तो रिसीव्हरमधील चिपचा असतो हे विसरू नका. स्वस्त रिसीव्हरमध्ये तीच चिप एखाद्या वायरलेस कीबोर्डसोबतही आलेली असू शकते, आणि मग तुमचा ड्रायव्हर त्या बिचाऱ्या कीबोर्डच्या चार की सोडून सगळ्या बंद करील. म्हणून प्रोबमध्ये, म्हणजे उपकरण सापडल्यावर कर्नेल बोलावते त्या फंक्शनमध्ये, उपकरणाचे नावही तपासून पाहावे. प्रोब प्रत्येक इंटरफेससाठी स्वतंत्रपणे बोलावला जातो, त्यामुळे स्वतःची स्थिती जागतिक चलात न ठेवता प्रत्येक एचआयडी उपकरणाशी जोडून ठेवावी.

पहिले महत्त्वाचे फंक्शन इनपुट-मॅपिंग. उपकरण जोडले जाताना कर्नेल त्याच्या वर्णनातला प्रत्येक यूसेज या फंक्शनपुढे आणते आणि विचारते, याचे काय करू? ० परत दिले तर नेहमीप्रमाणे जुळणी होते, १ म्हणजे जुळणी आम्ही केली, आणि उणे १ म्हणजे हा यूसेज सोडून द्या. तेव्हा कोड असा: पान कीबोर्डचे नसेल तर उणे १, असेल तर यूसेजवर स्विच, त्यात ४बी आणि ४ई यांना ०, ३ई आणि २९ या दोघांना हिड-मॅप-यूसेज-क्लिअर या मदतनीस फंक्शनने स्पेसची की देऊन १, ३७ला त्याच फंक्शनने बी देऊन १, आणि बाकी सर्वांना उणे १. रिमोटला पॉइंटर हलवण्याची सोय असेल तर पहिली अट थोडी सैल करून माउसच्या इंटरफेसला जाऊ द्यावे लागेल. फेरजुळणी आणि चाळणी, दोन्ही या पंधरा-वीस ओळींत झाले.

दीर्घ दाबासाठी दुसरे फंक्शन, इव्हेंट. प्रत्येक घटनेला ते बोलावले जाते, हाती यूसेज आणि मूल्य येते. १ परत दिले की कर्नेल त्या घटनेवर पुढे काही करत नाही. येथे ओळख पटवताना यूसेजचा एचआयडी क्रमांक तपासा, त्याला जुळवलेला की-कोड नव्हे. कारण हार्डवेअर डेटाबेसमधली जुनी फाइल काढायला तुम्ही विसरलात तर यूडेव्ह तुमच्या ड्रायव्हरने केलेली जुळणी नंतर शांतपणे बदलून टाकतो, आणि की-कोडवर बेतलेली तुलना कधीच खरी होत नाही. एकदा मी असाच एक संपूर्ण संध्याकाळ कर्नेलला दोष देत बसलो होतो.

३७ची घटना आली आणि मूल्य १ असेल, तर साडेचारशे मिलिसेकंदांनी चालणारे विलंबित काम रांगेत टाका, बाहेर काहीही पाठवू नका आणि १ परत द्या. मूल्य ० आले की ते काम रद्द करण्याचा प्रयत्न करा. रद्द करणारे फंक्शन स्वतःच सांगते की काम अजून वाट पाहत होते की नाही. वाट पाहत होते, म्हणजे बोट लवकर उचलले गेले, तो साधा दाब. तेव्हा बी दाबल्याची, समक्रमणाची, बी सोडल्याची आणि पुन्हा समक्रमणाची घटना पाठवा. वाट पाहत नव्हते, म्हणजे दीर्घ दाबाचे काम आधीच होऊन गेले आहे, काहीच करू नका. आणि ते विलंबित काम चालते तेव्हा त्याने आल्ट दाबावी, समक्रमण करावे, टॅब दाबून सोडावी, शेवटी आल्ट सोडावी, प्रत्येक टप्प्यानंतर समक्रमण. बघा, यात वेळ मोजणारे घड्याळ कुठेच नाही. ‘रद्द झाले का’ या एका उत्तरावर सगळे चालते, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी धावल्या तरी बी आणि विंडो-बदल दोन्ही घडण्याची शक्यता उरत नाही.

इव्हेंट फंक्शन सहसा इंटरप्टच्या संदर्भात, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मध्येच थांबवून हाक दिली असताना, चालते. तिथे झोपू शकणारे काहीही बोलावता येत नाही, म्हणून रद्द करण्याचे साधे फंक्शन वापरावे, काम संपेपर्यंत थांबणारे नव्हे. एकाच माहितीला दोन ठिकाणांहून एकदम हात लागू नये म्हणून कुलूप लागलेच तर स्पिनलॉक, म्हणजे न झोपता वाट पाहणारे कुलूप.

मग बी छान चालते आणि दीर्घ दाबावर काहीच होत नाही, असे हमखास घडते. चूक टायमरमध्ये नसते. आपण इनपुट-मॅपिंगमध्ये आल्ट आणि टॅब यांचे यूसेज उणे १ देऊन हाकलून दिले, त्यामुळे या उपकरणाला त्या की आहेत असे इनपुट थराला माहीतच नाही, आणि उपकरणाकडे नसलेली की पाठवली तर इनपुट थर ती कोणतीही तक्रार न नोंदवता टाकून देतो. उपाय म्हणजे इनपुट-कॉन्फिगर्ड या तिसऱ्या फंक्शनमध्ये डावी आल्ट आणि टॅब यांचे बिट हाताने लावणे. तिथेच इनपुट उपकरणाचा पत्ता आपल्या संरचनेत जपून ठेवावा, विलंबित कामाला तो लागणार आहे.

तो पत्ता जपून ठेवल्यामुळेच शेवटचे फंक्शन, रिमूव्ह, काळजीपूर्वक लिहावे लागते. बटणावर बोट असताना कोणी रिसीव्हर उपटला, तर साडेचारशे मिलिसेकंदांनी काम जागे होईल आणि मोकळ्या झालेल्या स्मृतीत आल्ट लिहायला जाईल. व्याख्यान संपल्यावर एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हाताने रिसीव्हर काढणे ही इतकी नैसर्गिक हालचाल आहे की ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. माझा संगणक पहिल्या आवृत्तीत असाच गोठला होता. आधी कुलूप घेऊन ‘आवरते घेतले आहे’ असा झेंडा उभारा. इव्हेंट फंक्शनने नवे काम रांगेत टाकण्यापूर्वी त्याच कुलपात तो झेंडा पाहिला पाहिजे. मग कुलूप सोडून विलंबित काम रद्द करा, या वेळी काम संपेपर्यंत थांबणाऱ्या फंक्शनने. त्यानंतरच हार्डवेअर थांबवा. हा क्रम उलटला तर इनपुट उपकरण आधी जाते आणि काम मागे राहते.

तुमच्या रिमोटची शिफ्ट आणि एफ५ जोडीने येत असेल, तर वरच्या चाळणीत शिफ्टचा यूसेज, ई१, आपोआप गळतो आणि एकटी एफ५ उरते, ती स्पेस होते. मात्र शिफ्ट जाऊ देऊन तिच्यावर इव्हेंटमध्ये काही करायचे ठरवले तर ध्यानात ठेवा की त्या पहिल्या बाइटमधल्या कींसाठी प्रत्येक रिपोर्टला इव्हेंट बोलावला जाऊ शकतो, मूल्य तेच असले तरी. बदल झाला का हे स्वतः तपासावे लागते. पान उलटण्याचे बटण चुकून धरले गेले आणि पाच-सहा स्लाइड पळाल्या, ही तक्रारही इव्हेंटमध्येच मिटते: ४बी आणि ४ई यांच्या दाबाला लगेच दाब आणि सुटका दोन्ही पाठवा आणि खऱ्या सुटकेकडे दुर्लक्ष करा, म्हणजे पुनरावृत्तीला जागाच राहत नाही. जे रिमोट मुळातच असे वागतात त्यांच्यावर मी वर टीका केली खरी, पण त्यांचे कारण कदाचित हेच असावे.

मॉड्यूल बांधल्यावर त्याचे पालनपोषण सुरू होते. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड चढू न देणारी सोय, चालू असेल तर मॉड्यूलवर सही करून त्या सहीची किल्ली संगणकात नोंदवावी लागते. कर्नेल अद्ययावत झाले की मॉड्यूल पुन्हा बांधावे लागते, ते काम डीकेएमएस या आपोआप बांधणी करणाऱ्या साधनावर सोपवावे. आताच्या कर्नेलमध्ये विशिष्ट ड्रायव्हर आला की सामान्य एचआयडी ड्रायव्हर आपणहून बाजूला होतो, फार जुन्या कर्नेलमध्ये मात्र त्याला हाताने सोडवावे लागे. ६.३ या आवृत्तीपासून कर्नेलमध्ये एचआयडी-बीपीएफ आले आहे: रिपोर्टमधले बाइट वाटेतच बदलणारा छोटा प्रोग्रॅम मॉड्यूलशिवाय चढवता येतो आणि तो चढण्यापूर्वी कर्नेल त्याची सुरक्षितता तपासते. आठ बाइटच्या रिपोर्टमध्ये परवानगी नसलेला यूसेज दिसला की तिथे शून्य लिहायचे, एवढी चाळणी त्यात फार सुबक होते. केवळ सुरक्षेसाठी ड्रायव्हर लिहायचा असेल तर आज मी हाच मार्ग धरीन आणि दीर्घ दाब वर, यूजरच्या पातळीवरच्या प्रोग्रॅमकडे ठेवीन.

इतर प्रणालींबद्दल थोडेच. विंडोजमध्ये रजिस्ट्रीतला स्कॅनकोड मॅप सर्व कीबोर्डांना लागू होतो, म्हणजे एक्समोडमॅपचीच अडचण. एका उपकरणापुरते करायचे तर मायक्रोसॉफ्टच्या केबीफिल्टर या नमुन्यावर आधारलेला फिल्टर ड्रायव्हर लिहावा लागतो, आणि त्याच्या सहीचा व्याप कोडपेक्षा मोठा आहे. मॅकवर हिडयूटिल या आज्ञेने ठराविक विक्रेता-उत्पादन क्रमांकापुरती एकास-एक जुळणी होते, पण संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती पुसली जाते, म्हणून लॉगिनच्या वेळी ती परत चालवण्याची सोय करावी लागते.

तुमच्यासाठी क्रम असा सुचवतो: आज ईव्हीटेस्टच्या नोंदी घ्या आणि डेटाबेसच्या तीन ओळी लिहून पहिली दोन कामे उरका. सुटका बोट उचलल्यावर येत असेल तर कीडीवर दीर्घ दाब बसवून आठवडाभर वापरून पाहा. साडेचारशे मिलिसेकंद तुमच्या हाताला कमी पडतात की जास्त, हे तिथे एक आकडा बदलून कळते, मॉड्यूलमध्ये तेच करायला दर वेळी ते उतरवून पुन्हा चढवावे लागेल. मॉड्यूलकडे गेलातच तर डेटाबेसमधली फाइल आधी काढा, आणि पहिली चाचणी बटण दाबून धरलेले असताना रिसीव्हर उपटून करा.